एका बेडकासाठी तीन कोटेशन

सरकार पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पोसते, त्याच्या बेडकाला पोसत नाही. प्राणिशास्त्रात पाऊल टाकताना हे कोणी सांगत नाही. नेट परीक्षा निघते, जेआरएफ ही फेलोशिप मिळते, घरात पेढे येतात. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफचे महिना 37 हजार झाले आहेत, पुढे एसआरएफ झाली की 42 हजार, वर घरभाडे भत्ता. मावशी तोंडी हिशेब करते, "म्हणजे नोकरीच की गं!" म्हणते आणि स्थळे बघायला लागते. मावशीच्या हिशेबात एकच रकाना सुटलेला असतो. हे पैसे माणसाचे. बेडूक ज्या डोंगरावर राहतो तिथवर जायचे, भर पावसात रात्रभर त्याच्या मागे फिरायचे, त्याचा आवाज रेकॉर्ड करायचा, त्याच्या तोंडात कापसाचा इवलासा बोळा फिरवून तो डीएनएसाठी प्रयोगशाळेत पाठवायचा, याचे पैसे वेगळे. त्यासाठी कंटिंजन्सी नावाची रक्कम असते. सीएसआयआरची वर्षाला 20 हजार, यूजीसीची विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षे 12 हजार. 12 हजारांत सह्याद्रीतल्या बेडकाचा अभ्यास जरूर होतो. फक्त त्या बेडकाने कॉलेजच्या आवारात राहायला यायला हवे.

तो येत नाही. मग विद्यार्थी स्मॉल ग्रँटच्या मागे लागतो.

स्मॉल ग्रँट हे प्रकरण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, पण प्रत्येक लॅबमध्ये त्याची एक एक्सेल शीट वारसाहक्काने चालत आलेली असते. ती पास होऊन गेलेल्या सीनिअर दादाने केलेली असते आणि त्याला ती त्याच्या सीनिअरने दिलेली असते. त्यात लंडनचे रफर्ड फाउंडेशन असते. अमेरिकेचे आयडिया वाइल्ड असते. ते पैसे देत नाहीत, दुर्बीण, कॅमेरा अशा वस्तूच देतात, कदाचित विद्यार्थी या जमातीचा अभ्यास करूनच. अबूधाबीचा मोहम्मद बिन झायेद प्रजाती संवर्धन निधी असतो, एकेका प्रजातीसाठी 25 हजार डॉलरपर्यंत. 1888 साली स्थापन झालेली नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी असते, जिने 1890 मध्येच एका मोहिमेला अलास्काच्या बर्फात धाडले होते. म्हणजे बेडूक सिंधुदुर्गातला, मुलगी कोल्हापूरची आणि दाते लंडन, वॉशिंग्टन नाहीतर अबूधाबीचे. शीटमधला सर्वांत मौल्यवान रकाना 'शेरा' हा असतो. 'यांना फक्त सस्तन प्राणी आवडतात.' 'फॉर्म मध्येच सेव्ह होत नाही, आधी वर्डमध्ये लिहा.' 'दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा दिले, कारण कळले नाही.'

परदेशी ग्रँटची एक सोय मात्र मान्य करायला हवी. त्यांची मुदत बहुधा ग्रीनिचच्या घड्याळाने रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी संपते. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेची 5 वाजून 29 मिनिटे झालेली असतात. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये मुदतीचा दिवस असा नसतोच, मुदतीची रात्र असते. होस्टेलच्या वॉचमनलाही आता कळते. पहाटे साडेपाचला लाल डोळ्यांची पोरे चहाच्या गाडीवर आली की तो विचारतो, "गेला का फॉर्म?" इंग्रज दीडशे वर्षे राहून गेले. त्यांच्याकडून मिळालेल्या गोष्टींपैकी हे साडेपाच तास तेवढे आम्ही पूर्ण वापरतो.

अर्ज भरण्याआधी एक मोठा प्रश्न असतो, तो म्हणजे आपण कोणता प्राणी घेऊन जन्माला आलो. व्याघ्रप्रकल्प 1973 चा, म्हणजे वाघाला पन्नास वर्षांहून जास्त काळ सरकारी ओळख आहे. वाघवाल्यांना प्रस्तावाच्या पहिल्या पानावर फोटो लावला की अर्धे काम होते. आमच्या लॅबमध्ये एक जण गोमेवर काम करतो. त्यानेही पहिल्या पानावर फोटो लावला होता. सरांनी तो बघून शांतपणे सांगितले, "फोटो काढ. आत कुठेतरी टाक. शेवटी टाकलास तरी चालेल." दुसरा गोगलगाईवर काम करतो. तो मुलाखतीच्या स्लाइड दाखवत असताना समितीतल्या एका सदस्याने जागे होऊन विचारले होते, "पण यात बिबट्याचा काही अँगल येतो का?"

प्राणी देखणा नसेल तर तो निदान नष्ट होण्याच्या मार्गावर तरी असावा लागतो. धोक्यातल्या प्रजातींची आययूसीएनची लाल यादी यासाठी आम्ही परीक्षेच्या निकालासारखी नव्हे, त्याहून जास्त धडधडत्या काळजाने उघडतो. आमच्यातल्या एका मुलीचा विषय आहे आंबोलीचा टोड, शास्त्रीय नाव झँथोफ्रीन टायगेरिना. 2009 मध्ये त्याचे नामकरण झाले. अंगावर पिवळे पट्टे, मुक्काम आंबोलीचा कातळसडा आणि लाल यादीत 'क्रिटिकली एंडेंजर्ड'. तिचा हेवा वाटतो. "तुझं बरंय बाई," बाकीचे म्हणतात, "तुझा संपत तरी आलाय." संवर्धनासाठी आयुष्य वाहायला निघालेली मुले आपला प्राणी मुबलक सापडला की तोंड पाडून परत येतात, हे दृश्य इतर कोणत्याही शास्त्रात बघायला मिळणार नाही.

सर्वांत हाल त्यांचे, ज्यांचा प्राणी 'डेटा डेफिशियंट' आहे. म्हणजे माहितीच अपुरी, तो धोक्यात आहे की मजेत आहे हे कोणालाच ठाऊक नाही. धोका सिद्ध नाही म्हणून पैसे नाहीत. पैसे नाहीत म्हणून कोणी बघायला जात नाही. कोणी बघत नाही म्हणून धोका सिद्ध होत नाही. गोमवाला या गोल चक्रात बसलेला आहे, आणि त्याच्या गोमेची काही तक्रार नाही.

आता प्रत्यक्ष फॉर्म. पहिला प्रश्न: 'आपला प्रकल्प सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत 200 शब्दांत लिहा.' दुसरा प्रश्न तोच, पण तज्ज्ञांसाठी. सामान्य वाचकासाठी लिहिलेले तज्ज्ञाला बालिश वाटते, तज्ज्ञासाठी लिहिलेले सामान्य वाचकाला कळत नाही, आणि दोन्ही वाचणारा माणूस बहुधा एकच असतो. 200 शब्द झाल्यावर कळते की पोर्टल शब्द नव्हे, अक्षरे मोजते आहे, रिकाम्या जागांसकट. मग काटछाट सुरू होते. आधी विशेषणे जातात, मग कारणे जातात आणि शेवटी बेडूकही जातो की काय अशी परिस्थिती येते.

यानंतर 'अपेक्षित निष्कर्ष'. या चौकटीपाशी भलेभले अडतात. निष्कर्ष माहीत असेल तर पैसे कशाला हवेत, आणि माहीत नसेल तर आम्ही तुम्हाला का द्यावेत, असा तो सज्जन पेच आहे. जाणकारांनी यावर एक तोडगा शोधून ठेवलेला आहे आणि तो सगळ्यांना माहीत असूनही कोणी मोठ्याने सांगत नाही. गेल्या वर्षी जे काम झाले, तेच पुढच्या वर्षी करणार म्हणून अर्जात लिहायचे. निष्कर्ष अचूक येतो, वेळापत्रक तंतोतंत पाळले जाते, आणि मिळालेल्या पैशांत पुढचे खरे अनिश्चित काम करता येते, ज्यासाठी अर्ज केला असता तर कोणी दमडी दिली नसती. अडचण एवढीच की पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडे गेले वर्षच नसते.

वेळापत्रकासाठी गँट चार्ट. आडव्या रंगीत पट्ट्या, वर महिने. जून पहिला आठवडा: प्रजनन निरीक्षण. जून दुसरा आठवडा: अंड्यांची मोजणी. हिरवी पट्टी, निळी पट्टी, सगळे झकास. बेडकाला हा तक्ता कोणी दाखवलेला नसतो. आंबोलीचा टोड पावसाळ्याच्या सुरुवातीला, सड्यावरच्या उथळ डबक्यांत पाणी साचले की मोजक्या दिवसांत आपला संसार उरकून घेतो. मान्सून लांबला की तोही थांबतो, लवकर आला की लवकर उरकतो. चार्टमध्ये 'पाऊस कधी येईल ते पाहून' अशी पट्टी काढायची सोय नाही.

मग येतो तो प्रश्न, ज्याने देशातल्या कितीतरी तरुण जीवशास्त्रज्ञांचे केस पिकवले: 'या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?' खरे उत्तर एका ओळीचे आहे. हा प्राणी जगात एवढ्याशाच जागेत सापडतो, तो कसा जगतो हे आपल्याला नीट माहीत नाही, आणि माहीत असलेले बरे. हे उत्तर चालत नाही. म्हणून मोठ्या मुशाफिरीला निघावे लागते. बेडूक कीटक खातो, कीटक भात खातात, भात शेतकरी पिकवतो, म्हणजे बेडूक अन्नसुरक्षेशी जोडलेला आहे. बेडूक त्वचेतून श्वास घेतो, त्यामुळे हवामानबदल त्याला आधी कळतो. शाश्वत विकासाची उद्दिष्टे 17 आहेत. त्यातली निदान पाच एका बेडकाच्या अंगावर बसवता आली पाहिजेत. दर वर्षी एक नवा शब्दही आत घ्यावा लागतो. मध्यंतरी ई-डीएनए होता, मग कम्युनिटी एंगेजमेंट आला. सध्या गोमवाला आपल्या गोमेचे पाय एआयकडून मोजून घेण्याच्या विचारात आहे.

वास्तविक उपयोग कुठून उगवेल हे अर्जात सांगता येत नाही. त्याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात लोक वर्षानुवर्षे तीर्थ म्हणून पाणी घेत होते. 2020 मध्ये कळले की त्यातला एक छोटासा मासा शास्त्राला नवा आहे. त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव मिळाले आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. 'देवळाच्या कुंडात वाकून बघणे' अशा कामासाठी कोणी आगाऊ अर्ज केला असता तर समितीने प्रसाद देऊन परत पाठवला असता.

बजेट हे या साहित्यप्रकाराचे काव्य आहे. मोठ्या प्रकल्पांच्या बजेटमध्ये 'उपकरणे: 40 लाख' अशी एक ओळ असते आणि कोणी विचारत नाही. स्मॉल ग्रँटमध्ये 'हेडलॅम्पचे सेल: 24 नग' असे लिहावे लागते आणि शेजारी समर्थन द्यावे लागते. 'बेडूक निशाचर असल्याने.' जळवांपासून वाचवणारे मोजे दोन जोड. समर्थन: 'जळवा असल्याने.' व्हर्नियर कॅलिपर. वॉटरप्रूफ वही. नमुने ठेवायला इथेनॉल, ज्याच्यासाठी पुन्हा राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी हवी, कारण बेडकाच्या नावाखाली कोण काय पितो याचा भरवसा नाही.

आमच्या टोडवालीने आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी शॉटगन मायक्रोफोन मागितला होता. लांबट नळीसारखा माइक असतो, एकाच दिशेचा आवाज पकडतो, बेडूकवाल्यांचे नेहमीचे हत्यार. फाइल अकाउंट सेक्शनला गेली आणि दुसऱ्या दिवशी बोलावणे आले. अकाउंटचे काका चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. बजेटमधल्या त्या ओळीखाली लाल रेघ.

"मॅडम, हे शॉटगन काय आहे?"

"माइक आहे काका. बेडकाचा आवाज घ्यायला."

"माइक ठीक आहे. शॉटगनचं लायसन्स कोणाच्या नावावर?"

तिने फोनवर चित्र दाखवले. काकांनी दोन्ही बाजूंनी फोन फिरवून बघितला. मग पेन उघडून 'शॉटगन' खोडले, वर 'लांब' लिहिले आणि शेजारी छोटी सही केली. "ऑडिटला उगीच डोकेदुखी नको," म्हणाले. त्या लांब माइकने पुढे फार सुंदर रेकॉर्डिंग झाले.

शिफारसपत्रांचा कार्यक्रम वेगळाच. दोन-तीन ज्येष्ठांची पत्रे हवी असतात. ज्येष्ठ अत्यंत प्रेमळ असतात आणि एकमुखाने सांगतात, "ड्राफ्ट करून पाठव, मी सही करतो." म्हणजे आपणच आपल्याबद्दल तृतीयपुरुषी लिहायचे, तेही तीन वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात. एकाने बुद्धी वाखाणायची, दुसऱ्याने कष्ट, तिसऱ्याने स्वभाव. स्थळाच्या बायोडाटात मामाने भाचीबद्दल लिहावे तसा तो मजकूर होतो: मनमिळाऊ, कामसू, डोंगर चढण्याची आवड. पहिल्या मसुद्यात माणूस संकोचतो. तिसऱ्या पत्रापर्यंत येता येता स्वतःबद्दल त्याचे मत इतके चांगले झालेले असते की ग्रँट नाही मिळाली तरी त्याला फारसे वाटत नाही.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणायचा मोह होतो, पण पूर्वीही असेच होते. डार्विनला बीगलच्या सफरीवरून परतल्यावर प्राण्यांवरचे ग्रंथ छापायला ब्रिटिश सरकारने 1000 पौंड दिले. त्यासाठी त्याने किती जणांच्या ओळखी वापरल्या हे बघितले तर शिफारसपत्रांची परंपरा किती जुनी आहे ते कळते. वॉलेसला ग्रँट नव्हती. तो नमुने गोळा करायचा आणि त्याचा लंडनमधला एजंट ते विकायचा. 1852 मध्ये परतीच्या जहाजाला आग लागून ॲमेझॉनमधला त्याचा बराचसा संग्रह बुडाला. एजंटाने शहाणपणाने विमा उतरवला होता म्हणून त्याच्या हाती काही आले. आपल्या सालिम अलींचेही तेच. जर्मनीहून शिकून आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली. मग त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमार्फत संस्थानांकडे प्रस्ताव दिला की पक्ष्यांची पाहणी मी करतो, पगार नको, प्रवास-मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. 1931 च्या सुमारास सुरू झालेले हैदराबाद संस्थानचे सर्वेक्षण त्यातूनच उभे राहिले. भारतीय पक्षिशास्त्राचा एवढा मोठा इमला एका 'फक्त टीए-डीए द्या' अशा अर्जावर उभा आहे, हे लॅबमध्ये कोणी निराश झाले की आम्ही एकमेकांना सांगतो.

दुसरी कथा सांगतो ती जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्गची. दंतकथा असेल, पण फार प्रिय आहे. 1921 च्या सुमारास त्याने निधीसाठी जो अर्ज केला त्यात म्हणे एकच वाक्य होते: मला 10,000 मार्क हवे आहेत. खाली सही. पैसे पूर्ण मिळाले आणि 1931 मध्ये माणसाला नोबेल मिळाले. ही कथा ऐकून गोगलगायवाल्याने एका फॉर्ममध्ये प्रकल्पाचे वर्णन खरोखर एका ओळीत लिहून बघितले. पोर्टलने लाल अक्षरांत सांगितले की किमान 500 अक्षरे आवश्यक आहेत. वारबुर्ग आज असता तर पहिल्याच पानावर अडकला असता.

अर्ज जाईपर्यंत परवानग्यांचा खेळ सुरू झालेला असतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. अभयारण्यात किंवा यादीतल्या प्राण्यावर काम करायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची मंजुरी हवी, आणि त्यांचे कार्यालय नागपूरला. बेडूक गोव्याच्या सीमेवर, त्याची फाइल विदर्भात. टोडने जन्मात सावंतवाडी तालुका ओलांडलेला नसतो, त्याचे कागद मात्र अख्खा महाराष्ट्र बघून येतात. ग्रँट देणारे म्हणतात, परवानगीचे पत्र जोडा मग पैसे देऊ. परवानगी देणारे विचारतात, प्रकल्पाला निधी कोणाचा, त्याचे पत्र जोडा. दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. दोघांनाही एकाच दिवशी 'पत्र मार्गस्थ आहे' असे कळवणे, ही पीएच.डी.ची पहिली खरी परीक्षा.

बहुतेक वेळा नकारच येतो. 'यंदा अर्जांची संख्या अभूतपूर्व होती' हे त्यातले पहिले वाक्य. दर वर्षी अभूतपूर्व असते. सोबत कधी परीक्षकांचे शेरे येतात. एकाला प्रकल्प फार महत्त्वाकांक्षी वाटलेला असतो, दुसऱ्याला अगदीच किरकोळ. दोघांची सरासरी काढली तर प्रकल्प अगदी योग्य आकाराचा होता.

आणि कधीतरी होकार येतो. तेव्हा खरा विनोद सुरू होतो.

परदेशी पैसे संस्थेच्या नावाने घ्यायचे तर एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आडवा येतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी दिल्लीला, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावे लागतात. म्हणजे आंबोलीच्या बेडकाचे पैसे संसद भवनाच्या शेजारून येतात. बेडकाची एवढी मोठी ओळख आहे हे त्याला कोणी सांगत नाही. देशी ग्रँट असेल तर मंजुरीपत्र मे महिन्यात येते, सगळे आनंदतात, पैसे खात्यात दिसतात ऑगस्टमध्ये. मग खरेदी. अकाउंटचे काका प्रेमाने सांगतात, "तीन कोटेशन आणा." हेडलॅम्पची तीन कोटेशन. दुकानदार जुना असतो, समजूतदार असतो. तो स्वतःच विचारतो, "बाकीची दोन पण मीच देऊ ना?" तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर, तीन वेगवेगळ्या किमतींत, एकाच हस्ताक्षरात 'हेडल्यांप' येतो. तक्ता तयार होतो, सर्वांत कमी दराची निवड होते, सह्या होतात. ऑक्टोबरच्या अखेरीस हेडलॅम्प हातात पडतो. झकास उजेड देतो. त्या उजेडात सड्यावर वाळलेले गवत दिसते. बेडकाने जूनमध्ये अंडी घातली, बेडूकमासे झाले, त्यांना पाय फुटले आणि ती मंडळी कधीच पांगली.

मग जूनचे काम होते कसे? उधारीवर. फेलोशिप वेळेवर आलेल्याने न आलेल्याला द्यायचे, सरांनी खिशातून घालायचे, आंबोलीच्या खानावळीतल्या काकूंनी वहीत लिहून ठेवायचे. या देशातले बरेचसे मूलभूत संशोधन खानावळीच्या वहीवर आगाऊ झालेले आहे, पण आभारप्रदर्शनात तिचे नाव येत नाही.

त्या खर्चाच्या पावत्या हा पुढचा अंक. सड्यापर्यंत वडापने, म्हणजे शेअर जीपने, जावे लागते, आणि वडापवाल्याकडे पावती मागितली की तो आधी हसतो, मग काळजीत पडतो. "काय भानगड झाली का ताई?" रात्री सोबत येणाऱ्या गाववाल्या दादाला व्हाउचरवर सही करायला सांगितली तर तो कागद दिव्याखाली धरून शेवटपर्यंत वाचतो आणि विचारतो, "जमिनीचं काही नाही ना यात?" एसटीचे तिकीट तेवढे अधिकृत असते. पण ते यंत्रातून निघालेले, उष्णतेने छापलेले. ऑडिट येईपर्यंत त्यावरची अक्षरे उडून पांढरा कागद उरतो. म्हणून तिकीट मिळाल्या मिळाल्या त्याची झेरॉक्स काढायची असते. घाटात झेरॉक्सचे दुकान नसते.

मार्चमध्ये सगळे एकदम जागे होतात. 31 तारखेच्या आत पैसे संपले पाहिजेत, नाहीतर परत जातात. वर्षभर 24 सेलचे समर्थन मागणारे तेच ऑफिस आता विचारते, "आणखी काही घ्यायचं नाही का? घ्या की!" मग लॅबमध्ये इथेनॉलचे कॅन येतात, हातमोज्यांचे खोके येतात. मग जीएफआर 12-ए या नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र. हा पूर्वी 19-ए होता, आणि अजूनही काही ठिकाणी काका 19-एच मागतात, कारण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तोच सेव्ह आहे. त्यात लिहून द्यायचे की पैसे ज्या कामासाठी मंजूर झाले त्याच कामासाठी खर्च झाले. दरम्यान बँकेत पडून त्या पैशांवर शे-सव्वाशे रुपये व्याज झालेले असते. ते सरकारचे. ते भारतकोश पोर्टलवरून परत करायचे आणि चलन जोडायचे. ते चलन करण्यात एक दिवस जातो. संशोधकाच्या दिवसाची किंमत शे-सव्वाशेहून जास्त आहे की नाही हा प्रश्न त्या फॉर्ममध्ये विचारलेला नाही.

एवढे सगळे सांगून झाल्यावर लोक विचारतात, मग करता कशाला? कारण हे छोटे पैसे कामाचे आहेत म्हणून. त्यांच्यात इमारत उभी राहत नाही, मशीन येत नाही, फीत कापायला पाहुणे येत नाहीत. ते सरळ डोंगरावर जातात आणि सेल, डिझेल, भाकरी होऊन खर्च होतात. सह्याद्रीतल्या पाली, खेकडे, गोगलगाई, सड्यावरची फुले यांच्यावरच्या शोधनिबंधांच्या शेवटची आभाराची ओळ वाचत जा. तिथे बड्या योजनांच्या बरोबरीने अशा छोट्या निधींची नावे सापडतात. मोठे पैसे आधीच माहीत असलेल्या प्रश्नांना मिळतात. एखाद्या मुलीला पावसात सड्यावर जाऊन नुसते बघायचे असेल, तर तिला छोटेच पैसे लागतात. फक्त ते पाऊस असताना लागतात.

म्हणून शेवटी एक विनंती, सरकारला नाही, वाचकांना. आपल्याकडे घराघरांत आजोबांच्या स्मरणार्थ बक्षिसे असतात. दहावीला पहिला येणाऱ्याला, संस्कृतात पहिली येणाऱ्या मुलीला, वक्तृत्व स्पर्धेला. त्यातले एखादे या पोरांसाठी ठेवा. 25-30 हजार रुपयांत एका विद्यार्थ्याचा एक पावसाळा निघतो आणि शोधनिबंधात आजोबांचे नाव कायमचे छापले जाते. गोगलगायवाला तर नव्या प्रजातीला आजोबांचे नाव द्यायलाही तयार आहे, घरच्यांची हरकत नसेल तर. अर्ज एका पानाचा ठेवा. खानावळीच्या वहीचा फोटो पावती म्हणून चालवून घ्या. आणि पैसे मे महिन्यात द्या. जूनमध्ये बेडूक कोणासाठी थांबत नाही.